रुपीबाईच्या मापाची सायकल

लालसिंग राठोड घरात गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, बोलायचा, देवाशी गोरबोलीतच भांडायचा, पण सायकलीचा विषय निघाला की वऱ्हाडीवर यायचा. सायकल तो राळेगावात शिकला होता, नानाजीच्या दुकानात, आणि ज्या भाषेत माणूस शिव्या खात एखादी गोष्ट शिकतो त्याच भाषेत ती त्याच्या तोंडी बसते. तीस वर्षं झाली, तांड्यावरचं दूध दोन कॅनमध्ये भरून तो रोज सकाळी सात किलोमीटर राळेगावच्या हॉटेलात नेत होता. काळी, उंच, बावीस इंची सायकल. मागे वाकवून जोडलेलं रुंद कॅरिअर, त्याच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे आकडे, डबल स्टँड, आणि तांड्याच्या पलीकडच्या नाल्यापर्यंत ऐकू जाणारी पितळी घंटी. घंटी वाजली की तांड्यातल्या बाया घड्याळ न पाहता चुलीवर भाकर टाकायच्या.

या तीस वर्षांत ती सायकल रस्त्यात बंद पडली नाही असं लालसिंग सांगायचा. दोनदा पडली होती, पण त्या दोन्ही वेळा तो एकटाच होता, त्यामुळे मोजायचं काही कारण नव्हतं.

बाभळीच्या काट्यावर त्याचा स्वतःचा इलाज होता. मोटरसायकलची फाटकी ट्यूब उभी कापायची, तिची लांब पट्टी टायरच्या आत गोल बसवायची आणि मग सायकलची ट्यूब घालायची. काटा टायर भेदून आला तरी पट्टीत अडकतो. सगळ्या पट्ट्या चालत नाहीत. पातळ पट्टी दुमडते, जाड पट्टी चाकाला उड्या मारायला लावते. लालसिंगच्या मागच्या चाकातली पट्टी त्याने आठ वर्षांपूर्वी नानाजीच्या भंगारातून निवडून काढली होती, आणि तिच्याबद्दल तो जितकं कौतुकानं बोलायचा तितकं स्वतःच्या मुलाबद्दल, बबलूबद्दल, कधी बोलला नाही. बबलू हार्वेस्टरवर ड्रायव्हर होता, सहा महिने परराज्यात असायचा, आणि त्यालाही या गोष्टीचं वाईट वाटत नव्हतं.

वाईट वाटण्यासारखी गोष्ट दुसरीच होती. बबलूची बायको अंजू मारेगावकडची, बारावी शिकलेली, दोन वर्षांपासून घरात बसून होती. माघ महिन्यात तिला राळेगावात डोळ्यांच्या डॉक्टर समीक्षा मॅडमच्या दवाखान्यात काम मिळायचं ठरलं. पेशंटची नावं लिहायची, नंबर पुकारायचे, डोळ्यात थेंब टाकायचे. मॅडमनी एकच अट सांगितली होती. पंधरा दिवसांनंतरच्या सोमवारपासून, बरोबर नऊला, दार उघडायला माणूस हवा. नऊला कोणी आलं नाही तर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीतली एक मुलगी तयार होती. आणि तांड्याच्या फाट्यावरून राळेगावची पहिली एसटी जायची सव्वादहाला.

"सायकल," लालसिंग म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला की जणू एसटीचं वेळापत्रक त्यानेच बिघडवलं होतं.

अडचण एवढीच होती की अंजूला सायकल येत नव्हती. माहेरी सायकल होती, पण ती भावांची. दुसरी अडचण त्याहून मोठी. त्या घरात सून सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत ओढायची, आणि दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. तांड्यातल्या बऱ्याच घरांत ही रीत सैल झाली होती. या घरात तिची कोणाला हौस होती असंही नाही, पण बंद कोणी करायची हे ठरत नव्हतं. सुनेनं आधी बोलावं तर ती आगाऊ, सासऱ्यानं आधी बोलावं तर तो चळला. म्हणून दोन वर्षं सगळा कारभार लालसिंगच्या बायकोच्या, रुपीबाईच्या तोंडून चालला होता. "तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." "तिनं ऐकलं, मी काय सांगू?" असं.

तिघं नानाजीच्या दुकानात गेले. नानाजीनं आधी एक गिअरची सायकल पुढे केली, निळी, चकचकीत, एकवीस गिअरची.

"एकवीस?" लालसिंग म्हणाला. "तांड्यापासून राळेगावपर्यंत चढच एक हाय. बाकीचे वीस गिअर कायले, लोनचं घालू?"

मग त्यानं एक साधी लेडीज सायकल निवडली आणि तिची तपासणी सुरू केली. चाक फिरवून कानाजवळ नेलं. ब्रेक दाबून सायकल ढकलली. शीटवर तीन बुक्क्या मारल्या. पुढची नाजूक बास्केट काढायला लावली, कारण भार समोर आला की हँडल मानत नाही. मागे मात्र दुधवाल्याचं रुंद कॅरिअर बसवायला सांगितलं, आकड्यांसकट, आणि खाली डबल स्टँड.

दाराशी उभ्या असलेल्या पदराआडून काही कुजबूज झाली. रुपीबाई म्हणाली, "ती म्हनते, एवढं मोठं कॅरिअर कायले? डबा तर एकच राहीन."

"तिले सांग, आपले पुरखे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरले. कॅरिअर नाई ती सायकल नाई."

"तिनं ऐकलं," रुपीबाई म्हणाली.

शेवटी मापाची वेळ आली. लालसिंगचं माप पक्कं होतं. पायडल जिथे फिरतं त्या मधल्या नळीला हाताची बोटं टेकवायची, आणि शीट बगलेत यायला हवं. हात पुढे करून तो वळला, आणि थांबला. सुनेचा हात धरून माप कसं घेणार? नानाजीनं घ्यायचं तर तो परका पुरुष. मग लालसिंगनं रुपीबाईला बोलावलं, तिचा हात नळीला टेकवला, शीट तिच्या बगलेपर्यंत वर केलं आणि दोन हातांनी नट असा आवळला की पुन्हा हलायची सोय राहिली नाही. बाईमाणूस ते बाईमाणूस, असा त्याचा हिशेब.

रुपीबाई अख्ख्या तांड्यात उंच होती. अंजू तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.

शिकवणी दुसऱ्या दिवसापासून तांड्यामागच्या मोकळ्या वावरात सुरू झाली. अंजू शीटवर बसली की तिचे पाय पायडलला अंगठ्यानं कसेबसे लागायचे. डोळ्यांवर पदर. शीट मागून धरायला रुपीबाई. आणि वीस पावलं दूर, पाठ अर्धी वळवून, गुरू.

"रुपी, तिले सांग, समोर पाहाले!"

"अंजू, समोर पाहाय!" रुपीबाई धावता धावता ओरडायची. तोवर समोरचं मागं गेलेलं असायचं.

चौथ्या दिवशी सायकल जरा वेगात सुटली आणि रुपीबाईच्या हातून निसटली. पुढे पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग होता.

"रुपी, तिले सांग, ब्रेक!"

रुपीबाईला धाप लागली होती. "कोनता ब्रेक?"

"दोन्ही!"

"अंजू, ते म्हनते..."

ते काय म्हणतात हे अंजूला पऱ्हाट्यांच्या ढिगात कळलं. गुडघा सोलला, कोपर सोललं, आणि वाळल्या बोंडांनी केस भरले. ती रडली नाही. उठली, सायकल उचलली आणि लंगडत घरी निघाली. लालसिंगला धावत जावंसं वाटत होतं आणि रीत मध्ये उभी होती. तो नुसता जागच्या जागी दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत राहिला.

संध्याकाळी रुपीबाईनं जेवायला वाढताना विचारलं, "सायकल कोनासाठी घेतली? माह्यासाठी का तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी."

"मग माप माहं काहून घेतलं?"

लालसिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्याला लाज वाटली. पोरीचा गुडघा आपल्यामुळे फुटला, आणि सांगायचीही सोय नाही.

दुसऱ्या दिवशी तो दूध पोचवून परतला तर वावरातून घंटी ऐकू आली. तो तुरीच्या तुराट्यांच्या गंजीआड उभा राहिला. अंजूनं त्याच्याच पान्याला, जोर यावा म्हणून, पाण्याचा पाइप लावून तो नट सोडवला होता. शीट खाली, पार खाली. डबल स्टँड काढून बाजूला ठेवलेलं. पदर कमरेला खोचलेला, चेहरा उघडा, आणि रुपीबाई बांधावर बसून शेंगा खात होती. अंजू एकटी गोल गोल फिरत होती. वळणावर तिचा तोल जायचा, पाय जमिनीला लागायचा, ती स्वतःशीच हसायची आणि पुन्हा निघायची.

लालसिंग गंजीआडून अर्धा तास पाहत राहिला. त्याला इतका आनंद झाला की अंगावर चढलेल्या मुंग्याही त्याला समजल्या नाहीत. पुढले आठ दिवस तो रोज तिथे उभा राहिला. रुपीबाईला ते माहीत होतं. तिने कोणाला सांगितलं नाही, असं तिचं म्हणणं.

रविवारी दुपारी सासू-सून पुसदहून आलेल्या पाहुण्यांना फाट्यावर सोडायला गेल्या, तेव्हा लालसिंगनं घाईघाईनं एक काम उरकलं. आपल्या सायकलीचं मागचं चाक उघडलं, आठ वर्षांची ती पट्टी बाहेर काढली, चार बोटं कापून लहान केली आणि अंजूच्या मागच्या चाकात बसवली. फाट्यापर्यंतच्या वाटेवर कुंपणासाठी बाभळी तोडणं चाललं होतं. आपलं काय, आपल्याला वाट पाठ आहे.

सोमवारी पावणेआठला दोघं निघाले. पुढे अंजू, तिच्या मागे पन्नास पावलांवर लालसिंग, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. रुपीबाई तांड्याच्या तोंडाशी उभी राहून हात हलवत राहिली. कच्चा रस्ता अंजूनं सावकाश कापला. तोडलेल्या बाभळीच्या फांद्यांवरून तिचं चाक करकरत गेलं. मागून लालसिंगचं गेलं, आणि फस्स झालं.

त्यानं खाली पाहिलं. मागचं चाक बसलं होतं. पंचर काढायला निदान अर्धा तास, आणि पंप घरी, कारण तीस वर्षांत पंप लागलाच नव्हता. त्यानं घंटी वाजवली. अंजू थांबली, वळून तिनं पाहिलं आणि पदर ओढला.

आता बोलायचं कोणी? लालसिंगनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. फाट्याजवळचा किलोमीटरचा दगड तेवढा होता. लालसिंग त्याच्याकडे वळला.

"तिले सांग, थांबू नको म्हना! नऊले दार उघडते!"

अंजू जागची हलली नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि मग तीही दगडाकडे वळली.

"अन् त्याईले सांग, दुधाचं काय? हाटेलवाला वाट पाहून राह्यला असन."

"दूध गेलं खड्ड्यात! तिले सांग, तू जाय!"

"त्याईले सांग, कॅन इकडे आना."

लालसिंगनं तोंड उघडलं. नव्या माणसानं, बारा-तेरा दिवसांच्या शिकवणीवर, दुधाच्या दोन कॅन घेऊन डांबरी रस्त्यावर ट्रकांमधून जायचं. पडली तर दूध गेलं, गुडघा गेला, नोकरी गेली. दगडाला हे सगळं समजावून सांगायला वेळ नव्हता. अंजूनं सायकल वळवून आणली होती आणि ते मोठं कॅरिअर त्याच्यासमोर धरलं होतं. लालसिंगनं एक कॅन डाव्या आकड्याला लावली, दुसरी उजव्या. दोन्हींतलं दूध सारखं आहे का ते हलवून पाहिलं. दोरी आवळली. त्याच्या हातांना हे काम येत होतं, त्याच्या पणजोबाच्या हातांनाही येत होतं.

"तिले सांग," तो दगडाला म्हणाला, "भार मागं हाय तर घाई करू नको. वळनावर तो तुले ओढन. ओढू दे, अन् मंग सावकाश सरळ कर."

अंजूनं मान हलवली. पहिली दहा पावलं सायकल दारू प्यायल्यासारखी गेली. लालसिंगनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती फाट्यावरून डांबरी रस्त्याला लागली होती, सरळ, पाठीवरचा पदर वाऱ्यावर.

तो सायकल ढकलत पाच किलोमीटर चालला. वाटेत त्याला तीन जणांनी विचारलं, "काय लालसिंगभाऊ, बंद पडली का?" तिघांनाही त्यानं सांगितलं, "नाई, पाय मोकळे करून राह्यलो." रस्त्याच्या कडेला कुठे सांडलेलं दूध दिसतं का, हे तो पाहत होता. प्रत्येक पांढऱ्या डागापाशी थांबायचा. एकदा चुना निघाला, एकदा कापूस.

दवाखान्याच्या दाराशी तो पोचला तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. आधी त्याला बाहेरची सायकल दिसली. कॅरिअर रिकामं होतं, आकडे शाबूत होते. मग आत पाहिलं. बाकावर डोळ्यांना हिरव्या पट्ट्या बांधलेली सात-आठ म्हातारी माणसं, आणि टेबलाशी अंजू, चेहरा उघडा, मोठ्यानं म्हणत होती, "नंबर चार, विठ्ठलराव!"

तिनं मान वर केली आणि सासरा दिसला. हात सवयीनं पदराकडे गेला. पण त्या हातात पेशंटचा कागद होता. हात तिथेच राहिला.

"कॅन हाटेलात पोचवल्या, बापू," ती थेट त्याला म्हणाली. "एक थेंब नाई सांडला. इथं आली तवा नऊले पाच कमी होते." मग जरा थांबून म्हणाली, "तुमची पट्टी माह्या चाकात हाय. काल टायरवर पाना लावल्याच्या खुना दिसल्या मले. तुमच्याच चाकात ठेवाची होती."

लालसिंगनं सवयीनं निरोपाला माणूस शोधला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. बाकावर सगळ्यांचे डोळे बांधलेले. पोरीला सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप होतं, दोन वर्षांचं. त्यातलं नेमकं काय आधी सांगावं हे त्याला सुचेना. मग त्याची नजर दाराबाहेरच्या सायकलीवर गेली.

"अंजू," तो म्हणाला, "शीट बोटभर वर घे. गुडघा दुखते नाईतर."