चौकात भेटलेली बिट्टो

भुतंखेतं, पुनर्जन्म, संकेत... यातलं काही मी कधीच मानलं नाही. आजही मानत नाही. तरी हा अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. घाबरू नका, यात रात्र नाही, रडारड नाही.

२०१२ च्या आसपासची गोष्ट. आम्ही मूळचे सांगलीचे, पण बाबांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे मी लखनऊला मानक नगरच्या कॉलनीत वाढले. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणून मी, शुभी आणि इमरान एक व्हिडिओ गेम करत होतो. कोडिंग त्या दोघांकडे. मी म्हटलं, मला फक्त कॅरेक्टर काढायला द्या.

त्यांना तलवारवाला हीरो हवा होता. माझ्या हातून मात्र उतरली एक म्हातारी — बुटकी, हिरव्या काड्यांचा चष्मा, सलवार-कुर्त्यावर पुरुषी खाकी जॅकेट, पायांत लाल कॅनव्हासचे बूट. वाटेत नाली आली की ती डाव्या हाताने ओढणी कमरेशी दाबायची आणि दोन्ही पाय जोडून उडी मारायची. नाव सुचलं — बिट्टो. अशी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"यार, बुढ़िया के साथ कौन खेलेगा?" इमरान वैतागला. गाईड सरही म्हणाले, बदला, नाहीतर मार्क जातील. मी मात्र हट्टाला पेटले.

त्या रविवारी गेमच्या बॅकग्राउंडसाठी गल्ल्यांचे फोटो काढायला आम्ही चौकात, म्हणजे लखनऊच्या जुन्या बाजारात गेलो. भर दुपार. चिकन भरतकामाच्या कपड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत शुभीने एकदम माझा दंड घट्ट धरला. समोरून... खाकी जॅकेट. हिरवा चष्मा. लाल बूट! गल्लीत पाणी तुंबलं होतं. बाईंनी डाव्या हाताने ओढणी दाबली, पाय जोडले आणि — टुणकन पार.

माझ्या तोंडून निघून गेलं, "बिट्टो!"

त्या गर्रकन वळल्या. "किसने पुकारा? ये नाम तो बस हमारी अम्मी लेती थीं..." आणि चेहरा असा काही फुलला की सांगता येत नाही.

त्या एका शाळेतून रिटायर झालेल्या पीटी टीचर निघाल्या. इमरानने तिथेच एका ओट्यावर लॅपटॉप उघडून त्यांना चित्र दाखवलं. आधी त्या स्क्रीनवर वाकल्या. मग चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत हसल्या. "अरे भई, ये तो हम हैं! बस, नाक ज़रा छोटी कर दो."

"सर कहते हैं, हटा दो," शुभी म्हणाली.

"हमें हटाएँगे? ख़बरदार!"

आई म्हणते, लहानपणी बाजारात पाहिलं असशील कधीतरी. असेलही. पण ते लाल बूट? ते त्यांच्या भाचीने नुकतेच आणून दिले होते — मी चित्र काढल्यानंतर! आणि ते नाव? इमरान अजून डोकं खाजवतो. मी तर नादच सोडलाय.

डेमोला त्या स्वतः आल्या आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसल्या. पहिल्याच नालीत बिट्टो धपकन पडली. सगळी लॅब हसायला लागली.

"हम ऐसे नहीं गिरते! दोबारा लगाओ!"

मागे रांग दारापर्यंत गेली होती. रांगेत गाईड सरही होते. हे सगळं घडलं कसं, हे विचारायला त्या दिवशी कुणाला सवडच नव्हती... बाई खुर्ची सोडायलाच तयार नव्हत्या.