खाट मी झोपून पाहिली होती

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरवायची तर ती आधी कुणाला लाभली आणि कुणाला बाधली याची चौकशी होते. बोअरची जागा, ट्रॅक्टरची कंपनी, मुलीचं सासर, दाताचा डॉक्टर, सगळ्याला हीच पद्धत. चार पाव्हणे बोलवायचे, चहा ठेवायचा आणि ज्याला त्याला बोलू द्यायचं. शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचा अनुभव खरा. माझा आवाज लहानपणापासून बारीक, त्यामुळे माझ्या अनुभवावर घरात कधी काही ठरलं नव्हतं. ठरलं ते एकदाच, आणि तो अनुभव मी झोपेत घेतलेला होता.

आईची डावी बाजू गेली तेव्हा मी कारेगावात खोली घेऊन रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्ट करत होतो. आई भांडगावच्या पुढं, रानातल्या घरात दादाकडे. दादा शेती बघायचा आणि आईचं सगळं वहिनी बघायच्या. सगळं म्हणजे उचलणं, कुशीवर वळवणं, धुणं-पुसणं, भरवणं. ते करता करता वहिनींच्या कमरेतला मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. आई काही घागरीपेक्षा हलकी नव्हती. माझ्याकडे आणावं तर एकच खोली, संडास चाळीच्या टोकाला, आणि बायको कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जायची.

तेव्हा आमच्या भागात अशा माणसांना ठेवून घेणारी ठिकाणं नवीनच निघाली होती. एक दौंडला होतं, एक शिरूरला. दोन्हींच्या पाट्यांवर ‘नर्सिंग होम’ लिहिलेलं. हे आईच्या कानावर गेलं तेव्हा ती आतल्या खोलीतून ओरडली, "आरं, ह्या वयात मला बाळंतपणाला धाडताय व्हय?"

पक्षाघातानं तिची जीभ जड झाली होती, पण धार तशीच होती.

रिवाजाप्रमाणे चहा ठेवला गेला. शिरूरच्या बाजूनं मामेभाऊ आला, कारण त्याच्या वडिलांची, म्हणजे आमच्या मामांची, शेवटची वर्षं शिरूरच्या ठिकाणी गेली होती. दौंडच्या विरोधात आतेबहीण आली, येताना आत्यालाही घेऊन आली. आत्या दौंडच्या ठिकाणी राहून परत घरी आलेली होती.

"आमच्या आबांला राजासारखं ठिवलं हुतं," मामेभाऊ म्हणाला. "नाव ठिवाया जागा न्हाई."

"आन् दौंडात माझ्या आईच्या पाठीला जखमा झाल्या," आतेबहीण म्हणाली. "मी रोज जायची म्हणून दिसलं. भात गार, चादर तीच ती. कुत्र्यालाबी तिथं ठिवू नये."

आत्या भिंतीला टेकून बशीतला चहा पीत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. खरं तर दोन्हीपैकी एका ठिकाणी प्रत्यक्ष राहून आलेलं तिथं तेवढं एकच माणूस होतं.

मी तिला हात धुवायला मागच्या दारी नेलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "आरं, हिला सांगू नगंस. मला दौंडात बरं वाटत हुतं."

"आन् पाठीच्या जखमा?"

"त्या झाल्या, खोटं कशाला बोलू. पन शेजारच्या खाटंवर रेल्वेतल्या एकाची बायकू हुती. शिट्टी झाली की गाडी कुठली ते सांगायची. आमी दोघी पडल्या पडल्या पार सोलापूरपतुर जाऊन यायचो." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घरी समदं बरं हाय. पन बोलतंय कोन?"

मी परत बाहेर आलो आणि मामेभावाला सहज विचारलं, मामांची खाट कुठल्या बाजूला होती रे, खिडकीजवळ का? त्याला आठवेना. तेव्हा मला नुसतंच वाटलं की याचं लक्ष नसेल. रोज जाणाऱ्याला गार भात दिसतो आणि सणावाराला जाणाऱ्याला राजवाडा, हे उमगायला मला स्वतःला पुष्कळ फेऱ्या घालाव्या लागल्या.

मग ठरलं की दोन्ही ठिकाणं बघून यायची. बघायची म्हणजे कशी, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला मुलगी बघायची माहीत होती आणि बैल बघायचा. दौंडला दादा आणि मी मोटरसायकलवर गेलो. दादानं भिंतीवर थापा मारल्या, नळ सोडून पाहिला, एका म्हाताऱ्याला "गाव कंचं तुमचं?" विचारून त्याचे पाव्हणे-रावळे काढले. परत येताना मागं बघून म्हणाला, "चहा न्हाई पाजला." दौंड तिथंच बाद झालं.

शिरूरला मात्र मी एकटा गेलो. आठवडा तिसऱ्या पाळीचा होता. सकाळी सुटलो तो घरी न जाता शिरूरकडं जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येच चढलो. डोळ्यांत खडे फिरत होते. तिथल्या बाईंनी मला हॉल दाखवला, आणि एक रिकामी खाट दाखवून म्हणाल्या, ही तुमच्या आईसाठी होईल. एवढ्यात त्यांना कुणीतरी हाक मारली. मी विचार केला, दादानं दौंडात भिंती वाजवल्या, आपण निदान गादी तरी तपासावी. बसून पाहिलं. मऊ होती. आडवं होऊन पाहिलं. पाय पुरतात का बघायला बूट काढले.

पुढचं मला थेट ऐकू आलं ते असं: "आबा, उठा. तोंड उघडा."

अंगावर चौकड्यांची चादर, दंडाला बीपीचा पट्टा, आणि समोर चमचा घेऊन एक मावशी. दिवसपाळीला नुकतीच आली होती, तिला वाटलं नवीन पेशंट आलाय. मी तेव्हा जेमतेम चाळिशीला टेकलेला. ‘आबा’ काळजाला लागलं. पण खुलासा करावा तर तोंडात मऊ भात होता. आणि खरं सांगायचं तर भूकही लागली होती. वाटी संपेपर्यंत मी पेशंटच राहिलो. शेवटी बाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे तर चौकशीला आलेत!" हॉलमधल्या ज्या म्हाताऱ्यांना हसता येत होतं ते सगळे हसले.

घरी येऊन मी हे सांगितलं ते हसवायला. माझी ती सवयच आहे. फजिती झाली की ती शिळी व्हायच्या आत वाढायची. सगळे हसले. पण हसून झाल्यावर दादा गंभीर झाला.

"म्हंजी गादी चांगली," तो म्हणाला. "भात गरम. वळख न्हाई पाळख न्हाई, तरी मानसानं भरवलं. आनखी काय पायजे?"

"अरे, मी रात्रपाळी करून आलो होतो," मी म्हणालो.

"तू झोपला का न्हाई?"

"झोपलो."

"मग!"

मोठ्या आवाजाचा अनुभव मामेभावाचा होता, पण मी तर झोपून आलो होतो. जन्मात पहिल्यांदा घर माझ्या शब्दाला वजन देत होतं आणि मला ते, लाज वाटते म्हणायला, आवडलं. शिरूर मला कंपनीतून जवळ पडणार होतं हेही मनात होतं, पण तो मुद्दा मी काढला नाही. काढायची गरजच पडली नाही.

आई मात्र आतून बोललीच. "ह्याला? ह्याला बैलगाडीच्या जुवावरबी झोप लागंल. ह्याच्या झोपंवर माझं काय ठरवताय?"

तिचं म्हणणं वाजवी होतं. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरणारे. आई लहानपणी मेंढरांच्या कडेला, उघड्यावर झोपलेली. ती सांगायची, लांडग्याचा वास आधी मेंढराला येतो, मेंढरू अंग हलवतं, आणि ते हललेलं ज्याला झोपेत कळतं तोच राखण्या. मेंढरं गेली, जमीन आली, पत्र्याचं घर आलं, तरी तिची झोप तशीच राहिली. मी तिसऱ्या पाळीहून कधी गावी गेलो तर पायरीवर पाय पडायच्या आत आतून आवाज यायचा, "आला का रं?"

वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. बसायला वाकवत नव्हतं म्हणून उभ्या. आईनं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"चला," आई म्हणाली. "माझ्यापायी पोरीची कंबर मोडली. न्या मला."

"कुठं न्यायचं, आई?" दादानं विचारलं.

"ह्यो झोपला तिथं."

वहिनी चौकटीला डोकं लावून रडल्या. आई त्यांच्यावरच खेकसली, "रडतीस काय? कंबर दुखंल."

चौफुला, न्हावरा असं करत जीपमधून तिला शिरूरला नेलं. दादानं तिला उचलून त्याच खाटेवर ठेवलं. गादी मऊ होती. भात गरम होता. मावशी मायेची होती, मला बघून अजूनही तोंडाला पदर लावायची. माझ्या अनुभवात काही खोट नव्हती. आईला झोप लागत नव्हती एवढंच.

"रात्रभर टक्क जाग्या असत्यात," मावशी सांगायची. "गोळी दिली तरी."

मी आईला विचारलं, "काही दुखतंय का? आवाज होतो का कुणाचा?"

"आवाज कुठला? समदी गोळ्या खाऊन पडल्याती."

"मग झोपत का न्हाईस?"

तिनं माझ्याकडं, पोरगं इतकं मोठं झालं तरी याला समजत कसं नाही, अशा नजरेनं पाहिलं. "हितं राखायला काय हाय?" म्हणाली. "राखायला काय नसल्यावर झोपायचं कसं?"

यावर मी माझ्या अकलेप्रमाणे उपाय काढला. गावाकडून मेंढराच्या गळ्यातली जुनी घंटा आणली आणि तिच्या खाटेला बांधली. म्हटलं, हललं की वाजेल, तिला घरच्यासारखं वाटेल. त्या रात्री आई हलली की घंटा वाजायची आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून रात्रपाळीची मावशी धावत यायची. पहाटेपर्यंत तिच्या पायांचे तुकडे पडले. दुसऱ्या दिवशी बाईंनी घंटा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि फक्त म्हणाल्या, "अहो…" आई मात्र खूश होती. तिच्या मते तिथं आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी नीट जागत होतं.

खरा उपाय माझ्या हातून चुकून झाला. तिसऱ्या पाळीचा आठवडा आला. सकाळी सुटून मी तिच्याकडं गेलो, स्टुलावर बसलो, काहीतरी बोलत होतो आणि बोलता बोलता खाटेच्या कडेला डोकं टेकून झोपलो. जागा झालो तेव्हा चादरीचा अर्धा भाग माझ्या पाठीवर होता. एका हातानं तिनं तो ओढून माझ्यावर कसा टाकला कोण जाणे. पदरानं ती माझ्यावरच्या माशा वारत होती. डोळे दारावर.

"तुमी झोपला की त्या कुणाला बोलू देत न्हाईत," तिसऱ्या दिवशी मावशी मला बाहेर गाठून म्हणाली. "मी बादली वाजवली तर डोळे वटारले माझ्यावर. आन् तुमी काल गेला ना, मागं लगीच झोपल्या. जेवायलाबी उठंनात."

मी सुपरवायझरकडं गेलो आणि कायमची तिसरी पाळी मागितली. त्या पाळीतून सुटायला लोक त्याच्या घरी हापूसची पेटी पाठवायचे. त्यानं आधी माझं तोंड हुंगलं आणि मग पाळी दिली. बायको म्हणाली, "झोपायला शिरूरलाच जायचं असंल तर हितल्या खोलीचं भाडं कशाला भरताय?" पण डब्यात आईपुरता भाकरीचा काला तिनं कधी चुकवला नाही.

असा तो पावसाळा गेला, दिवाळी गेली. दादा यायचा, ऑपरेशननंतर पट्टा बांधून वहिनीही एकदा आल्या. आई त्यांना म्हणाली, हितं बरं हाय. मामेभाऊ एकदा येऊन गेला आणि म्हणाला, सांगितलं नव्हतं, राजासारखं ठेवतात? मी मान हलवली. आत्याला आणावं असं मनात होतं. दोघी बोलल्या असत्या. ते राहिलं.

थंडीत, माझ्या सुट्टीच्या दिवशी आई गेली. त्या दिवशी मी कारेगावात माझ्या खोलीत, माझ्या अंथरुणावर गाढ झोपलो होतो. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तरी बायकोला मला हलवून उठवावं लागलं. मावशी म्हणाली, रात्रभर जाग्याच होत्या, आन् सकाळी बस यायच्या टायमाला मान दाराकडं केली. मी म्हणालो, मावशी, आज सुट्टी असते हे तिला माहीत होतं. काल सांगितलं होतं मी. मावशी म्हणाली, "सांगितलं असंल."

पुढं लाइनवरचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला होता. "मामा, तुमची आई शिरूरला हुती ना? कसं हाय ते ठिकान?"

मी त्याला सांगायला लागलो. गादी, भात, मावशी, माझ्या तोंडातला चमचा, घंटा. तो हसला.

"म्हंजी चांगलं का वाईट?"

मी आठवून पाहिलं. "मला झोप लागायची तिथं," मी म्हणालो.

अजून काही बोलेन म्हणून त्यानं वाट पाहिली. मग डबा उचलून तो दुसऱ्या टेबलावर गेला. तिथं एकजण हातवारे करत मोठ्यानं सांगत होता, की त्याच्या सासऱ्याला दौंडात कसं राजासारखं ठेवलंय.