अप्पांची हाळी आणि दोन हेडफोन

आखातातल्या आमच्या खोलीत हेडफोन दोनच होते, आणि त्यांच्यावरून भांडणं रोजची.

एक माझा. तिथल्या बाजारातून घेतलेला, कानावर उशी ठेवल्यासारखा मऊ, आणि आत नुसतं धम धम. कुठलंही गाणं लावा, ढोल आधी आणि गाणारा मागून. सगळ्या खोलीला तोच आवडायचा, मलाही. दिवसभर डोक्यावर ऊन आणि कानाशी ड्रिल मशीन. एवढं सोसल्यावर संध्याकाळी अचूक आवाज कोण शोधत बसतो?

दुसरा हैदराबादच्या एका माणसाचा. तो एका हॉटेलात समारंभांचं साउंड सांभाळायचा. त्याच्या हेडफोनात तेच गाणं कोरड्या भाकरीसारखं लागायचं.

‘ह्याच्यात मजा न्हाई,’ मी म्हणायचो.

‘मजा नक्को, मियाँ. जैसा है वैसा सुनो,’ तो म्हणायचा. हेडफोननं आपल्या पदरचं काही घालू नये आणि काही लपवू नये, हा त्याचा हट्ट. मी त्याची टर उडवायचो. आवाज ऐकायचा तो जिवाला बरं वाटावं म्हणून. खरं ऐकायला काय, मुकादमाच्या शिव्या होत्याच की.

आमचं गाव सीमाभागातल्या राजेश्वर गावाच्या पुढं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत गावातली निम्मी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि माझ्यासारखी काही समुद्रापार. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हातून पत्र लिहून घेणं त्यांना पटायचं नाही. म्हणून घरून कॅसेट यायची. सुट्टीवर गेलेलं कुणीतरी परतताना ती घेऊन यायचं. माझी थोरली बहीण, अक्का, टेपचं बटण दाबायची आणि अप्पा बोलायचे. तूर कशी आहे, म्हैस कधी व्यायली, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं. सगळं सांगून झालं की शेवटी हाळी द्यायचे.

आम्ही मूळचे मेंढपाळ. मेंढ्या आजोबांनीच विकल्या, पण लांबच्या माणसाला हाक मारायची ती पद्धत घरात राहिली. तोंडाशी हात धरून अप्पा माझं नाव असं लांबवायचे, की ओढ्यापलीकडं नांगर थांबायचा. माझ्या हेडफोनात ती हाळी आली की छाती भरून यायची.

तर एका वर्षी कॅसेट आली आणि नेमकी माझ्या हेडफोनची वायर तुटली. धीर धरवेना. हैदराबादवाल्याचा मागून घेतला.

अप्पा बोलत होते. दोन वाक्यं झाली की ‘टिक’. परत दोन वाक्यं, परत ‘टिक’. अक्का मध्येच टेप थांबवत होती. आणि प्रत्येक ‘टिक’च्या आधी अप्पांचा श्वास ओढला जात होता, विहिरीतून जड बादली वर यावी तसा. अप्पा म्हणत होते, ‘मी झ्याक हाय.’ खालचा श्वास काही वेगळंच सांगत होता. मग हाळी आली. आवाज जाड काढलेला होता, पण छातीतून नव्हे, घशातून येत होता. आणि शेवटी, अगदी बारीक, बांगड्या वाजल्या.

मी हेडफोन हैदराबादवाल्याच्या कानावर चढवला. त्याला मराठी जेमतेमच कळायची. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि हळू म्हणाला, ‘ये तो औरत है, मियाँ.’

हाळीशिवाय कॅसेट पाठवली तर मी ओळखीन, म्हणून अक्कानं स्वतःच हाळी दिली होती. अप्पांत तेवढा दम उरला नव्हता.

खोलीतले म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत, तुझा जुना हेडफोन लाव. वायर जोडून लावलाही. त्यात अप्पा ठणठणीत होते. त्या जाड, धमधमत्या आवाजात श्वास बुडाला, बांगड्या बुडाल्या. मी पुन्हा दुसरा लावला. पुन्हा पहिला. वेड लागायची पाळी आली. कुणीतरी सांगावं, की हा खरा आणि तो खोटा, आणि जो मला हवा तोच खरा निघावा, एवढंच वाटत होतं.

पासपोर्ट कंपनीकडं. साहेब म्हणाला, घरून तार आली तरच सुट्टी. कॅसेट ऐकवू का म्हटलं तर हसला. म्हणजे माझं जाणं अक्काच्या एका शब्दावर अडलेलं होतं. राजेश्वरच्या एसटीडी बूथवर तिला बोलावून घेतलं.

‘अक्का, तार कर. मला येऊ दे.’

‘कामून तार करू? अप्पा बरे हायत.’

‘मग त्यांना बोलव.’

‘शेताकडं गेलेत. तू कामून रडायलास रे?’

ओरडलो, शपथा घातल्या, पाया पडतो म्हणालो. तिचं एकच, बरे हायत. पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन लावला. म्हणालो, ‘अप्पाला बूथवर आण. एक हाळी देऊ दे. मग मी काही इचारणार न्हाई.’

पलीकडं बांगड्या वाजल्या.

अप्पांना जाऊन तेव्हा महिना होऊन गेला होता. हे मला करार संपवून घरी गेल्यावर कळलं. पोरगं मधेच आलं तर नोकरी जाईल, काम पुरं झाल्याशिवाय त्याला कळवू नको, अशी शपथ त्यांनी अक्काला घातली होती. पण त्या दिवशी आखातातल्या फोनबूथमध्ये उभा असताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग फोनवर हाळी आली. माझं नाव, लांबवलेलं. मध्ये फाटलं, पुन्हा सावरलं. ते ओळखायला कुठलाच हेडफोन लागला नाही. अक्का होती. मी खरं ऐकायला फोन केला होता, आणि आता मला ते अजिबात नको होतं.

आमच्यात हाळी आली की ओ द्यावी लागते. ओ येईपर्यंत हाळी देणारा थांबत नाही. अक्का थांबत नव्हती. घसा बसला तरी पुन्हा पुन्हा माझं नाव घेत होती, आणि तिच्या मागं बूथवाला काहीतरी ओरडत होता.

‘ओ, अप्पा,’ मी म्हणालो. ‘ऐकू आलं.’