ताईंचा फसलेला तास

"पहले बताइए, क्या बिगड़ा?" शनिवारी मुलं घरी गेली की स्टाफरूममधल्या लांब टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर सरकवत ताई हे विचारायच्या. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आणि तुझं काय फसलं गं?"

लखनौच्या इंदिरा नगरमधल्या आमच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ताई मूळच्या नागपूरच्या. यजमानांच्या सरकारी नोकरीमुळे इकडे आल्या आणि तीस वर्षं लहान मुलांना गणित शिकवत राहिल्या. तिसरी ते पाचवीच्या आम्हा शिक्षकांची शनिवारची बैठक त्यांनीच सुरू केली होती. नियम एकच. चांगलं झालेलं काही सांगायचं नाही, फसलेला तास सांगायचा. रजिस्टरमध्ये दोन रकाने असत, डावीकडे 'क्या बिगड़ा' आणि उजवीकडे 'क्या करें'. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या शनिवारी मी तोऱ्यात वर्गातल्या तीन हुशार मुलींच्या वह्या नेल्या. ताईंनी त्या चाळल्या. "अच्छा, सुंदर आहेत. पण या मुली तर तुझ्याशिवायही शिकल्या असत्या. शेवटच्या बाकावरच्या वह्या आण ना." मला इतका राग आला की चारबागला, आमच्या रेल्वेच्या क्वार्टरवर पोहोचेपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होते. पुढच्या शनिवारी मुकाट्याने शेवटच्या बाकावरच्या वह्या नेल्या.

तुम्ही कुठल्याही शाळेत काम केलं असेल, तर स्वतःचा तास फसला हे चारचौघांत सांगणं किती जड जातं ते तुम्हाला ठाऊक असेल. म्हणून ताई आधी स्वतःचं सांगायच्या. एकदा अपूर्णांक शिकवायला त्यांनी अमीनाबादच्या बाजारातून गोल शीरमाल, म्हणजे इथली गोडसर केशरी रोटी, आणली. पाव भाग कापून दाखवेपर्यंत अर्धी शीरमाल वर्गाने फस्त केली होती. वर एका मुलीने वहीत लिहिलं, पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार दोनपेक्षा मोठे. आम्ही पोट धरून हसलो. मग सगळ्यांच्याच वह्या तपासल्या, तर तिन्ही वर्गांत तीच चूक! पुढचे दोन आठवडे सगळे वर्ग कागदाच्या पट्ट्या दुमडत बसले. कधी तोंड न उघडणाऱ्या फरहत मॅडमसुद्धा त्या दिवशी म्हणाल्या, "मेरे आधे बच्चे सवाल पढ़ ही नहीं पाते, मैम." तिथून आमच्या वाचनाच्या तासांना सुरुवात झाली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा ताई म्हणाल्या, "चौथी में भाग का सवाल लगाया, और अगला स्टेप याद ही नहीं आया. बच्चों ने पूरा किया." फरहत मॅडमनी टाळी वाजवली. "क्या तरकीब है, मैम!" आम्हा सगळ्यांना ती युक्तीच वाटली. मी उजव्या रकान्यात लिहिलं, आठवड्यातून एकदा प्रत्येकाने एक पायरी मुलांसाठी रिकामी सोडावी. आम्ही ते केलंही, आणि मुलं भागाकार छान शिकली.

पुढे त्यांनी सांगितलं की एकच धडा तीनदा शिकवला, मुलांनी सांगितलं तेव्हा कळलं. आम्ही लिहिलं, उजळणी वाढवावी. मग म्हणाल्या, हजेरी घेताना समोरच्या मुलीचं नावच आठवेना. आम्ही त्यावरही उपाय शोधला. आम्हाला बोलतं करायला ताई मुद्दाम असं काही रचून सांगतात, अशी आमची खात्रीच होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्या जरा थांबून माझ्याशी मराठीत बोलल्या. "आज शाळेत येताना वळणच चुकले गं. तीस वर्षं वळतेय तिथे. भाजीवाल्या भैयाने आणून सोडलं."

रजिस्टर बरंच भरायचं बाकी होतं. मी हसून म्हटलं, "ताई, फक्त वर्गातलं हं."

"हाँ, बरोबर," त्या म्हणाल्या आणि चष्मा खाली डोळ्यांवर ओढून घेतला. मी पुढच्या शिक्षकाकडे वळले.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ताई आल्या नाहीत. बंगळुरूहून त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याला मराठी कळतं, पण बोलतो हिंदीत. "आंटी, मम्मी मुझे भी कभी-कभी नहीं पहचानतीं. डॉक्टर पूछ रहे हैं, ये सब कब से शुरू हुआ? आपको कुछ पता है?"

मी रजिस्टर काढलं. फोन कानाशी धरूनच दिवाळीनंतरची पानं उघडली. सगळं तारीखवार तिथे होतं, माझ्याच सुबक अक्षरात, आणि प्रत्येक ओळीसमोर आमचा उपाय. ताई दर शनिवारी खरं तेच सांगत होत्या, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ताई, तुम्ही बऱ्या आहात ना? मी त्याला एकेक तारीख वाचून दाखवली.

"और कुछ, आंटी?"

वळणाची गोष्ट रजिस्टरमध्ये नव्हती. ती मी त्याला तोंडी सांगितली. मी काय उत्तर दिलं होतं ते मात्र सांगवलं नाही.

आता शनिवारी ताईंच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. पहिला प्रश्न मीच विचारते, आणि आधी माझं सांगते. त्या फोननंतरच्या पहिल्या शनिवारी मी डाव्या रकान्यात लिहिलं, 'ताई शाळेचं वळण चुकल्या. त्यांनी मला सांगितलं होतं.'

फरहत मॅडमनी ते वाचलं आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. उजवा रकाना अजून कोराच आहे.