शेवंता, वय अंदाजे बावीस वर्षे

घनसावंगीत सुगनसेठच्या कापडाच्या दुकानात आम्ही तिघं रोज संध्याकाळी टेकतो. किस्से तिथं कुणी करत नाही, आपोआप साचतात. मी शाळेत मराठी शिकवतो. चार वर्षं खपून मी एक कादंबरी लिहिली आणि ती छापायला निघालो, तेव्हापासून तर साठा फारच वाढला.

*

पहिल्या प्रकाशकाला फोन लावला. त्यांनी विचारलं, याआधी तुमचं काय काय आलंय? मी म्हटलं, ही पहिलीच. मग ते म्हणाले, ज्यांची पुस्तकं आलेली आहेत, शक्यतो त्यांचीच आम्ही छापतो. पहिलं पुस्तक मग कोण छापतं, हे विचारायचं मला फोन ठेवल्यावर सुचलं.

आमच्यातला तिसरा दत्ताभाऊ, कपाशी लावणारा माणूस. त्यानं लगेच तोडगा काढला.

"सर, मंग दुसरी आधी लिहून टाका ना."

*

दुसऱ्या प्रकाशकानं नमुन्याला तीन प्रकरणं मागवली. सुगनसेठ मला पहिली तीन काढूच देईना. कापडाच्या थानाची वरची घडी गिऱ्हाईकाला कधी दाखवायची नाही, तिला हात लागलेले असतात, माल मधून दाखवायचा, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस, मला पटलं. मी सातवं, बारावं आणि एकोणिसावं प्रकरण पाठवलं.

उत्तर आलं : "शेवंता कोण, ती सातव्यात का रडते आणि एकोणिसाव्यात कुणाला शोधते, हे कळवावे."

सेठ खूश. गिऱ्हाईक चौकशा करू लागलं म्हणजे माल बराबर आहे! मी मात्र पार गोंधळून गेलो.

*

तिसरीकडे एक संपादकबाई होत्या. त्यांनी पूर्ण कादंबरी टाइप करून ईमेलनं मागवली. तहसीलसमोर बाबुराव टायपिंग करतो. उत्पन्नाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्याच्याकडेच होतं. मी हस्तलिखित त्याला दिलं. पंधरा दिवसांनी त्यानं प्रिंटआउट हातात ठेवली आणि सांगितलं, की तारीख हुकायला नको म्हणून त्यानं बाईंना ईमेलसुद्धा करून टाकलाय. कसली तारीख, ते मला आजही कळलेलं नाही.

*

लग्नाची पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीपुढं ठेवतात, तशी कादंबरीही ठेवू, असं दत्ताभाऊनं ठरवलं. दर्शनाच्या रांगेत मी पहिल्यांदाच प्रिंटआउट उघडली.

"नदीच्या पायऱ्यांवर शेवंता, वय अंदाजे बावीस वर्षे, धंदा घरकाम, राहणार सदर, एकटीच बसली होती."

मी भराभर पानं उलटली. नायकाचं वय होतं, सासऱ्याचं होतं, एका म्हशीचंही होतं! शेवटच्या पानावर माझं वाक्य होतं, 'शेवंता पुराकडे पाहत राहिली.' आणि त्याखाली ठळक अक्षरांत : "वरील सर्व मजकूर खरा असून तो खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन."

चार वर्षं पाण्यात गेली. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. पुजाऱ्यानं गठ्ठा घेऊन पत्रिकांच्या ढिगावर ठेवला आणि मुहूर्त कधीचा म्हणून विचारलं.

"त्योच मागायला आलो," दत्ताभाऊ म्हणाला.

*

बाईंना खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. बाबुरावशी मी बोलणंच टाकलं. महिन्याभरानं तो समजूत काढायला दुकानात आला, सेठनं त्याला चहा दिला, आणि तेवढ्यात बाईंचा फोन आला. मी घाबरत स्पीकरवर टाकला.

कादंबरी छापतोय, म्हणाल्या. सगळ्यांची वयं तेवढी काढू. पण एक अट होती.

"शेवटच्या ओळीला हात लावायचा नाही. ती वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसले होते."

मी चाचरत विचारलं, पुराची ना?

"नाही हो. त्याखालची. शिक्षेस पात्र राहीन, ती."

बाबुरावनं बशीतला चहा शांतपणे संपवला.

"ती ओळ टाकल्याबिगर कुठंच दाखल करून घेत न्हाईत, सर," तो म्हणाला. "तिच्याखाली तुमची सही तेवढी राह्यली."