परत गाडी झाली पायजे

“माणूस कोणबी करंल. परत गाडी झाली पायजे,” असं म्हणत काकू गिऱ्हाइकासमोर खेळण्यातल्या गाडीचे हातपाय उलगडून यंत्रमानव करायच्या आणि मिटून पुन्हा गाडी. दहा वेळा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सुटका नाही. परळीत वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं खेळण्यांचं दुकान होतं, शेजारी माझं सायकल दुरुस्तीचं. माल खपण्यापेक्षा टिकण्याची काळजी करणारं असं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल.

त्यांच्या गल्ल्याशेजारी तीन गाड्या कायम असत. पहिली लोखंडी, काकांनी हयात असताना मुंबईहून आणलेली. तिचा गुडघा वाकला की ‘टक्’ असा भरीव आवाज यायचा. दुसरी त्यानंतरची, छाती लोखंडाची, पाय प्लॅस्टिकचे. त्यातला एक तुटलेला. तिसरी, बाजारात परदेशी माल धो धो यायला लागला तेव्हाची. चकचकीत, डोळ्यांत दिवा, आणि वजन म्हणाल तर फुंकरीनं उडेल.

“दिवा लावला, गुडगा इसरले,” काकू म्हणायच्या.

एका महाशिवरात्रीच्या जत्रेसाठी त्यांनी या तिसऱ्या गाडीचं खोकं मागवलं. नेमानं एकेक नग तपासायला बसल्या आणि दुपारपर्यंत अकरा मोडून ठेवले. समोरचा दुकानदार तोच माल डबा न उघडता विकत होता.

“काकू, तुमीच मोडायला लागलात की!” मी हसलो.

त्या हसल्या नाहीत. पाय तुटलेली ती दुसरी गाडी त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

“ही मोडली म्हून मी लेकाला लई मारलं. ‘आई, मी न्हाई मोडली,’ म्हणत हुता. नंतर उघडून बगितलं, तर गुडग्यात पिन केसावानी बारीक. लेकराच्या हातात मोडलं की लेकराचंच नाव हुतंय, भाऊ.”

“मग त्याला सांगितलं का?”

“आता एवढा बाप्या झाला. कोणत्या तोंडानं सांगू?”

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. सायकलच्या चाकाच्या तुटक्या तारा कापून मी त्या पिनांच्या जागी गाड्यांच्या गुडघ्यांत घालायला बसलो. जत्रा सुरू झाली तरी आमचे गुडघे चालूच. वरातीमागून घोडं म्हणून सगळी आळी हसली. निम्मा माल उरला, पण काकू खुशीत होत्या. शेवटी त्या जुन्या गाडीचा पायही मी तारेनं बसवून दिला.

पुढं पुण्याला कारखान्यात लागलेला लेक त्यांना कायमचं न्यायला आला. सामान बांधून झालं, तरी काकू गल्ल्यापाशीच घुटमळत होत्या. मग त्यांनी पाय बसवलेली ती गाडी त्याच्या हातात दिली. त्यानं ओळखली. तो तिचा माणूस करत राहिला, परत गाडी करत राहिला. दहा वेळा. काकू गाडीकडं नाही, त्याच्या बोटांकडं बघत होत्या.

“मोडली न्हाई, आई,” तो म्हणाला.

“तवाबी तू मोडली न्हवती,” काकू म्हणाल्या.

एसटी सुटली तेव्हा गाडी त्याच्या मांडीवर होती. काकूंचं दुकान त्यानंतर उघडलं नाही. तुटक्या तारा मात्र मी अजून भंगारात टाकत नाही. कुणी ना कुणी लंगडी गाडी घेऊन येतंच, आणि दहा वेळा उलगडून मिटल्याशिवाय मीही ती परत देत नाही.