गेर्गिना मावशीची काळी चौकट

गेर्गिना मावशीला मी मारलं ते एका गुरुवारी संध्याकाळी, चिकटपट्टीने. हेतू वाईट नव्हता. उलट तिची खुर्ची वाचावी म्हणूनच सगळा खटाटोप चालला होता.

आमची ब विंग म्हणजे आमच्या लोम गावच्या नदीबंदराकडे पाठ करून उभी असलेली काँक्रीटची आठमजली पेटी. लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीने चालते. गेर्गिना मावशी तळमजल्यावर राहते आणि एकोणीस वर्षं सोसायटीची सेक्रेटरी आहे. त्याआधी ती भाज्या डबाबंद करण्याच्या कारखान्यात मुकादम होती. कारखाना बंद पडला, नवरा गेला, मूलबाळ नव्हतंच. मुकादमी तेवढी शिल्लक राहिली. ती कुणावर तरी चालवायला हवी होती, म्हणून आम्ही.

तिचा कारभार दारावरच्या कागदांवर चालतो. हिवाळ्यात: "पायऱ्यांवर बर्फ साठलं आहे. ज्याला पाय मोडून घ्यायचा असेल त्याने आपल्या दारात मोडावा. फावडं माझ्याकडे मिळेल." ईस्टरच्या आधी: "गालिचे झटकायची दांडी मागच्या अंगणात आहे. बाल्कनी त्यासाठी नाही. चौथ्या मजल्याची धूळ मी काल कॉफीतून प्याले." उन्हाळ्यात: "कलिंगडाच्या साली खिडकीतून फेकणाऱ्याला मी ओळखते. त्याच्या आईलाही ओळखते." आणि सप्टेंबरात एकच ओळ, लाल शाईत: "शनिवारी मिरच्या."

मग त्या शनिवारी दारासमोर पत्र्याच्या पिंपाची चूल पेटते. पोत्यापोत्यांनी आणलेल्या लांब गोड लाल मिरच्या तिच्यावर काळ्या पडेपर्यंत भाजल्या जातात, अख्खी विंग त्या सोलायला बसते, आणि संध्याकाळी मोठ्या कढईत ल्युतेनित्सा रटरटायला लागते. हिवाळाभर पावावर फासायची ती मिरच्यांची चटणी. वर्षभर लोक मावशीची चाहूल लागली की जिन्यात थांबून राहतात, ती आत गेली की उतरतात. त्या शनिवारी मात्र तेच लोक तिच्याभोवती बसतात, तिच्या शिव्या खातात आणि वर तिच्याच ग्लासात राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, ओततात. ती त्या एका शनिवारासाठी वर्ष काढते असं मी तोंडावर म्हटलं तर ती लाकडी पळी फेकून मारेल. पण खरं तेच आहे.

आणि यंदा तेच जाणार होतं. सहाव्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर बोझिनोव यांनी सोसायटी एका कंपनीच्या ताब्यात द्यायचा घाट घातला होता. कंपनी जिना पुसणार, दिवे बदलणार, आणि दारासमोर कसलाही जाळ करायला बंदी. मिरच्यांचा धूर म्हणे त्यांच्या पांढऱ्या शर्टांत शिरतो. त्यासाठी ते स्वतः सेक्रेटरीपदाला उभे राहिले आणि त्यांनी घरोघरी रंगीत पत्रक टाकलं, त्यावर स्वतःचा टाय घातलेला फोटो. सेक्रेटरीची निवड शनिवारी सकाळी अकराला, दारासमोर.

गुरुवारी दुपारी मावशी ते पत्रक नाचवत माझ्या दुकानात आली.

"स्पास, हे बघ. हा माणूस आंघोळीलाही टाय लावून जात असेल. माझं पण असं काढ. फोटोसकट."

"मावशी, रंगीत शाई संपली आहे."

"मग काळं काढ. मी रंगीत आहे ते लोकांना माहीत आहे. आणि सगळीकडे लाव. 'आम्हाला कळलंच नाही' असं एकानेही म्हणता कामा नये."

एवढं बोलून ती गावाकडे बहिणीच्या मळ्यावर मिरच्या आणायला निघून गेली. तिथे फोनला रेंज नाही, आणि असती तरी तिच्या फोनला बॅटरी नसते.

आता दुकानाविषयी सांगायला हवं. शाळेनंतर पुढे शिकायला मी सोफियाला गेलो नाही, कारण माझी गाडी चुकली. असं मी सांगतो. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. आमच्या गावात माणसं जन्मतात कमी आणि मरतात नेमाने, त्यामुळे दुकान शोकपत्रकांवर चालतं. माणूस गेला की त्याचा फोटो दारावर लागतो, मग चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाच्या वर्षाला. जिवंतपणी ज्याने एक झेरॉक्स काढली नाही तो मेल्यावर आमचं कायमचं गिऱ्हाईक होतो. साहजिकच आमच्या कॉम्प्युटरमध्ये कागदाचा तयार साचा एकच: मधे फोटो, खाली नाव, भोवती जाड काळी चौकट. कोपऱ्यातला क्रूस मी आठवणीने काढला. चौकट ठेवली. म्हटलं, जरा भारदस्त दिसेल.

मजकूर मीच रचला: "गेर्गिना त्सोनेवा. एकोणीस वर्षं आपल्या सर्वांसाठी झटली. शनिवारी अकरा वाजता दारासमोर जमून तिच्यासाठी थोडा वेळ काढावा." खाली बारीक अक्षरांत: "विषय: सेक्रेटरीची निवड." एक कागद दारावर लावला, एक समोरच्या पाइनच्या झाडावर, एक बस स्टॉपवर. तिन्ही जागा नेहमीच्या. इतक्या नेहमीच्या की माझा हात आपोआप तिकडे वळला.

शोकपत्रक कुणी वाचत नाही. माणूस फोटो बघतो, नाव बघतो, वेळ बघतो, हे आपण नव्हे म्हणून हळूच श्वास सोडतो आणि पाव आणायला जातो. आणि ज्या दोघातिघांनी बारीक अक्षरंही वाचली त्यांची तर खात्रीच पटली. सेक्रेटरी गेली म्हटल्यावर नवी निवडायला नको का?

शुक्रवारी सगळे माझ्याशी फार मायेने वागत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या मिलेवा आजीने जिन्यात माझा हात धरला.

"बाळा, फोटो चांगला निवडलास हो. हसरी दिसतेय."

"मुद्दामच तसा घेतला, आजी."

"चांगलं केलंस. शेवटी माणूस हसरा लक्षात राहावा." आणि डोळे टिपत ती वर गेली. मला वाटलं, मावशी निवडणूक हरणार याचं हिला आत्तापासून वाईट वाटतंय. मी मनात म्हटलं, म्हणजे हवा आपल्या बाजूने आहे.

त्या रात्री मिलेवा आजीने मयताला करतात तो गोड गहू शिजवला. लोकांनी मावशीची बेल वाजवली. दार उघडलं नाही. बहिणीला फोन लावला, लागला नाही. हे सगळं त्यांना पुरावा म्हणून पुरलं.

शनिवारी पावणेअकराला मी खाली उतरलो आणि माझे पाय तिथेच थांबले. दारासमोर ही गर्दी. सगळे काळ्या कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात शेवंतीचा गुच्छ, आणि प्रत्येक गुच्छात फुलं जोडीने, म्हणजे सम. मेलेल्याला जोडीची, जिवंताला जोडीपेक्षा एक जास्त. यात आमच्याकडे शेंबडं पोरही चुकत नाही. मिलेवा आजीच्या मांडीवर गव्हाचं पातेलं होतं. पाद्रीबुवांनाही सांगितलं होतं म्हणे, पण ते दुसरीकडे, खऱ्या मयतीला गेले होते.

मी दारावरच्या कागदाकडे पाहिलं. पहिल्यांदाच, दुकानदाराच्या नव्हे तर जाणाऱ्यायेणाऱ्याच्या नजरेने पाहिलं.

"आजी," मी कुजबुजलो, "अहो, ती मेलेली नाही."

"आम्हालाही तसंच वाटतंय रे, बाळा," मिलेवा आजी म्हणाली आणि मला जवळ घेतलं. तिच्या कुशीतून मला बोलता येईना. तेवढ्यात बोझिनोव पायरीवर चढले. काळा सूट, काळा टाय, हातात पुष्पचक्र. प्रतिस्पर्धी नाही म्हटल्यावर निवडणूक खिशात होती, त्यामुळे आज मन मोठं करायला त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी ते फारच मोठं केलं.

"शेजाऱ्यांनो, आज ब विंगचा कणा मोडला. गेर्गिनाबाईंशी माझे मतभेद होते, लपवत नाही. पण सांगा, अशी बाई कुठे मिळणार? जी बर्फात स्वतः फावडं मारायची! तिची जागा कुठलीही कंपनी भरून काढू शकणार नाही!"

बायका हुंदके देऊ लागल्या. त्याने बोझिनोव आणखी फुलले.

"आणि त्या मिरच्या! सप्टेंबरात खिडकी उघडली की तो धूर आत यायचा. आज मी मोकळेपणाने कबूल करतो, तो धूर म्हणजे आपल्या घराचा श्वास होता. आता तो वास आपल्याला कोण देणार?"

याच वेळी गर्दीच्या मागे एक जुनी मॉस्कविच गाडी खोकत येऊन थांबली. टपावर दोरीने आवळलेली लाल मिरच्यांची पोती. मावशी उतरली, एक पोतं खांद्यावर घेतलं आणि शेवटच्या ओळीत येऊन उभी राहिली. पुढच्या बाईला तिने हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

बाईने मागे न बघताच सांगितलं, "आपली गेर्गिना."

पोतं खांद्यावर तसंच ठेवून मावशीने अख्खं भाषण ऐकलं. एकदा तिने डोळे पुसले. नंतर म्हणाली मिरचीचा हात लागला, पण मिरच्या गोड होत्या. बोझिनोवनी "असे मोठ्या मनाचे शेजारी पुन्हा होणे नाही" असं म्हणून मान खाली घातली, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली,

"थांबलास का, बोझिनोव? श्वासापर्यंत आला होतास. पुढचं बोल की."

किंकाळी पहिली मिलेवा आजीची. पातेलं मी झेललं. बोझिनोवच्या हातातून पुष्पचक्र घरंगळत पायऱ्या उतरलं आणि मावशीच्या पायाशी येऊन आडवं झालं. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली, कुणी हसलं, दुसऱ्या मजल्यावरचा ड्रायव्हर म्हणाला, "चहाटळ म्हातारी, मरायलाही वेळेवर येत नाही!" आणि रडायला लागला.

मावशीने दारावरचा कागद टराटरा काढला, वाचला आणि मला गर्दीतून बरोबर हुडकलं.

"स्पास. हा फोटो कारखान्याच्या टोपीतला आहे."

"हो, मावशी."

"त्यात माझी मान जाड दिसते." मग तिने गर्दीवरून नजर फिरवली आणि मुकादम जागी झाली. "एकोणीस वर्षं मी बैठक बोलावते. निम्मी घरं कधी येत नाहीत. कुणाची कंबर, कुणाचा सामना, कुणाची सासू. आज सगळे आलात. छान. हलायचं नाही. बैठक सुरू. बोझिनोव, तू उमेदवार आहेस ना? ये, बोल. आत्ता इतकं छान बोलत होतास."

बोझिनोव उभे राहिले. आत्ताच रडवलेल्या माणसांसमोर ते काय बोलणार? धुराविषयी बोलावं तर धूर घराचा श्वास ठरलेला. कंपनीविषयी बोलावं तर ती कुणाची जागा भरून काढू शकत नाही, हेही ठरलेलं. शेवटी त्यांनी टाय सैल केला.

"मी... गेर्गिनाबाईंना पाठिंबा देतो."

"जिवंत गेर्गिनाबाईंना?"

"जिवंत."

"मोठ्याने."

"जिवंत गेर्गिनाबाईंना!" ते ओरडले, आणि सगळे हात एकदम वर गेले. प्रत्येक हातात शेवंती. निवडणुकीला इतकी फुलं मी कुठे पाहिली नाहीत.

मग गहू वाटला गेला. मावशीने स्वतःच्या मयताचा गहू चवीने खाल्ला आणि पातेलं मिलेवा आजीकडे परत सरकवलं. "साखर कमी आहे, मिलेवा. निदान मेल्यावर तरी हात सैल सोडायचा."

दुपारी पिंप पेटलं. बोझिनोव पांढरा शर्ट बदलून सोलायला बसले, आणि मिरच्यांचा काळा पापुद्रा त्यांच्या बोटांना चिकटला तो संध्याकाळपर्यंत निघाला नाही. राकियाच्या दुसऱ्या ग्लासानंतर ते म्हणाले, "मी बोललो ते थोडंसं खरंही होतं, गेर्गिनाबाई." मावशी म्हणाली, "मला माहीत आहे कुठलं थोडंसं. ढवळ."

एक भानगड तेवढी राहिली होती, फुलांची. जिवंत बाईच्या दारात जोडीची फुलं नकोत, म्हणून प्रत्येकाने आपल्या गुच्छातलं एक फूल काढून घेतलं आणि उरलेली एका बादलीत ठेवली. मावशीने बादली मोजली. पुन्हा जोडीच भरली. गुच्छ वेगळे मोजायचे की एकत्र यावर ड्रायव्हर आणि मिलेवा आजी यांचं कडाक्याचं भांडण झालं. काढलेल्यातलं एखादं परत टाकावं असं मी सुचवलं.

"ती मयताची. मला ताजं पाहिजे," मावशी म्हणाली, "आणि ते तूच आणायचंस. ज्याने मारलं त्याने."

मी हो म्हटलं. सोमवारी एक फूल घेतलंही होतं, चांगलं टवटवीत. पण वाटेत बेकरी लागते आणि तिथे काउंटरवर नेव्याना असते. तिला ते जास्त शोभलं.

आता बाहेर बर्फ पडतंय. दारावर फावड्याची सूचना लागली आहे, या वेळी चौकटीशिवाय. टपालपेट्यांखाली ती बादली अजून तशीच आहे, शेवंती वाळून तपकिरी झालेली. मावशी कुणाला ती हलवू देत नाही. मी जिना चढायला लागलो की तळमजल्याचं दार बोटभर उघडतं.

"स्पास, फूल?"

"उद्या, मावशी."